विषाणूचा कण बांधला जाताना अडवणारी औषधं: काय साधलं, कुठे अडतं

प्रश्न थोडक्यात असा आहे: विषाणूंच्या एन्झाइमांवर काम करणारी औषधं भरपूर आहेत, मग विषाणूचा कण बांधला जाण्याची पायरी अडवणारी इतकी कमी का? ती शोधतात कशी? आणि एम.एस्सी.च्या प्रकल्पात, साध्या प्रयोगशाळेत, या विषयावर खरं काही करता येतं का?

आधी उत्तर देतो, मग कारणं. या क्षेत्राने बरीच वर्षं जोडणी थांबवायचा प्रयत्न केला आणि तो फारसा जमला नाही. यश आलं ते जोडणी बिघडवणाऱ्या रेणूंना. त्यातले सगळ्यात ताकदवान रेणू कवचाच्या प्रथिनांना एकमेकांपासून दूर ठेवत नाहीत, उलट त्यांना जास्त घट्ट धरायला लावतात. हे एकदा पक्कं समजलं की पुढची सगळी प्रकरणं एका ओळीत बसतात.

विषाणूचं कवच, म्हणजे कॅप्सिड, कुणी बाहेरून बांधत नाही. १९५५ मध्ये फ्रँकेल-कॉनराट आणि विल्यम्स यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूचं प्रथिन आणि आरएनए वेगळे केले, परीक्षानळीत पुन्हा एकत्र केले, आणि संसर्ग करू शकणारे कण परत मिळवले. बांधणीची सगळी माहिती त्या तुकड्यांच्या आकारातच असते. हिपॅटायटिस बी विषाणूत हे फार स्वच्छ दिसतं. त्याचं कोअर प्रथिन जोडीजोडीने फिरतं आणि अशा १२० जोड्या मिळून एक गोल कवच तयार होतं. (काही थोडी कवचं ९० जोड्यांचीही असतात.) अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठातले ॲडम झ्लॉटनिक यांनी या जोडणीची ऊर्जा मोजली, तेव्हा दोन जोड्यांमधला एकेक बंध अगदी कमकुवत निघाला: प्रति मोल जेमतेम ३ ते ४ किलोकॅलरी. इतक्या कच्च्या बंधांवर इतकं टिकाऊ कवच उभं राहतं, कारण प्रत्येक जोडीला चार शेजारी मिळतात आणि पूर्ण गोल झाल्यावर एकही टोक मोकळं उरत नाही.

बंध कमकुवत असणं ही विषाणूची गरज आहे. चुकीच्या जागी बसलेला तुकडा सुटून पुन्हा नीट बसू शकला पाहिजे. बंध घट्ट झाले तर एकाच वेळी पुष्कळ ठिकाणी कवचं सुरू होतात, सुटे तुकडे संपतात आणि सगळीच अर्धवट राहतात. एकाच चौकात दहा पथकांनी एकदम दहीहंडीचे थर लावायला घेतले, तर खालचे थर दहा ठिकाणी उभे राहतात, वर चढायला माणसंच उरत नाहीत आणि एकही हंडी फुटत नाही, तसं. शिवाय तयार झालेल्या कवचाला पुढच्या पेशीत गेल्यावर योग्य जागी, योग्य वेळी उघडायचंही असतं. म्हणजे प्रवासापुरतं मजबूत आणि उघडण्यापुरतं कच्चं, असा अगदी अरुंद पट्टा विषाणूला सांभाळावा लागतो. औषधाने त्याला या पट्ट्याच्या कोणत्याही बाजूला ढकललं तरी चालतं.

आता एन्झाइमवर औषधं सोपी का, ते पाहा. एन्झाइमला एक खोलगट खाच असते, त्यात बसणारा नैसर्गिक रेणू आपल्याला माहीत असतो, त्याची नक्कल करून सुरुवात करता येते. दोन प्रथिनं जिथे एकमेकांना टेकतात तो पृष्ठभाग मात्र रुंद आणि सपाट असतो. छोट्या रेणूला तिथे पकड मिळत नाही, आणि प्रथिनाच्या शेकडो प्रती असताना प्रत्येकीला अडवायचं तर औषध प्रचंड प्रमाणात लागतं. एचआयव्हीत हा प्रयत्न झाला होता. २००५ मध्ये १२ अमिनो आम्लांचं एक पेप्टाइड प्रसिद्ध झालं. कॅप्सिड प्रथिनाच्या शेपटीकडच्या भागाला चिकटून ते परीक्षानळीत जोडणी छान थांबवायचं, पण पेशीत शिरत नव्हतं. पुढे त्याला रासायनिक टाचणी मारून पेशीत शिरणारं रूप तयार केलं, तरी त्याची ताकद मायक्रोमोलरच्या घरातच राहिली, म्हणजे परिणामासाठी बरंच औषध लागायचं. नुसत्या अडवण्याच्या मार्गाची मर्यादा मला या उदाहरणात सगळ्यात स्पष्ट दिसते.

दुसरी वाट हिपॅटायटिस बीने दाखवली. बायर कंपनीच्या संशोधकांनी २००३ मध्ये बे ४१-४१०९ हा रेणू जाहीर केला. तो पेशीतली कवचं नाहीशी करायचा, त्यामुळे पहिला समज हा की तो जोडणी रोखत असणार. झ्लॉटनिक यांच्या गटाने शुद्ध प्रथिनावर तपासलं तेव्हा उलट निघालं: या जातीचे रेणू जोडणीचा वेग वाढवतात आणि तिला भलतं वळण देतात. दोन जोड्यांच्या सांध्यात एक पोकळी असते, ती हा रेणू भरून काढतो. सांधा घट्ट होतो आणि त्याचा कोन किंचित बदलतो. कोन बदलला की गोलाऐवजी चपटे पत्रे आणि वेड्यावाकड्या नळ्या तयार होतात. त्याच पोकळीत बसणारे दुसऱ्या जातीचे रेणू गोल कवच नीट बनू देतात, फक्त ते इतक्या घाईने बनतं की विषाणूचा आरएनए आत शिरायच्या आधीच बंद होतं. बाहेरून सुबक, आतून रिकामं.

मग हिपॅटायटिस बी बरा का झाला नाही? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५ कोटी ४० लाख लोकांना हा दीर्घकालीन संसर्ग होता, म्हणजे गरज मोठी आहे. अडचण यकृताच्या पेशीच्या केंद्रकात आहे. तिथे विषाणूचा डीएनए बंद वर्तुळाच्या रूपात वर्षानुवर्षं बसून राहतो. कवच बिघडवणारं औषध नवे कण थांबवतं, रक्तातला विषाणू झपाट्याने खाली आणतं, पण त्या वर्तुळाला हात लावत नाही. व्हेबिकोर्व्हिर हे असं औषध आधीच्या उपचारासोबत देऊन मग सगळं थांबवून पाहिलं गेलं, तेव्हा जवळजवळ सगळ्या रुग्णांमध्ये विषाणू परत आला. नव्या पिढीचे रेणू कितीतरी जास्त ताकदीचे आहेत. नव्याने पेशीत शिरलेलं कवच केंद्रकापर्यंत पोचण्याआधीच ते फोडू शकतात, म्हणजे वर्तुळात नवी भर पडत नाही. यावर माझी आशा आहे, पण असं औषध एकट्याने पुरेल असं मला वाटत नाही.

एचआयव्हीची गोष्ट सगळ्यात श्रीमंत आहे, म्हणून तिथे थोडं थांबतो.

काटेकोरपणे पाहिलं तर कणाच्या बांधणीवरचं पहिलं मोठं यश १९९५ चं आहे: सॅक्विनाव्हिर आणि त्यामागून आलेली प्रोटिएझ-रोधक औषधं. एचआयव्हीचा कण पेशीतून बाहेर पडतो तेव्हा अपक्व असतो. गॅग नावाचं लांब प्रथिन कापलं गेलं की आतले तुकडे नव्याने रचले जातात आणि शंकूच्या आकाराचं कवच तयार होतं. कापणारं एन्झाइम बंद केलं की कण बाहेर पडतो, पण निरुपयोगी असतो. ही औषधं एन्झाइमच्या खाचेत बसतात, म्हणून लोक त्यांना या यादीत धरत नाहीत. परिणाम मात्र बांधणीवरच होतो.

पुढचा प्रयत्न बेव्हिरिमॅटचा. बेट्युलिनिक ॲसिड या वनस्पतीज पदार्थापासून तयार केलेला हा रेणू एन्झाइमला हात न लावता गॅगमधल्या शेवटच्या कापणीच्या जागेला घट्ट करायचा, म्हणजे पुन्हा तेच तत्त्व. प्रयोगशाळेत उत्तम. रुग्णांमध्ये मात्र बऱ्याच जणांच्या विषाणूत त्या जागेशेजारी आधीपासूनच नैसर्गिक फरक होते आणि त्यांच्यावर औषध चालत नव्हतं. २०१० मध्ये त्याचा विकास थांबला. एका प्रयोगशाळेतल्या जातीवर चालणारा रेणू घेऊन पुढे धावू नका, आधी रुग्णांमधल्या विषाणूंचे सिक्वेन्स (जनुकांचे अक्षरक्रम) उघडून तुमची जागा किती बदलते ते बघा, असं मी विद्यार्थ्यांना कायम सांगतो. हे काम फुकट होतं, कारण सिक्वेन्स सार्वजनिक आहेत.

आणि मग लेनाकापाव्हिर. एचआयव्हीच्या शंकूत कॅप्सिड प्रथिनाच्या सुमारे १,५०० प्रती असतात: अडीचशेच्या आसपास षट्कोनी गट आणि बरोबर १२ पंचकोनी गट. शंकूला बंद व्हायला हे १२ पंचकोन लागतातच, ते भूमितीचं बंधन आहे. एका षट्कोनातल्या दोन शेजारी प्रथिनांच्या मध्ये एक पोकळी असते, आणि या पोकळीत आपल्याच पेशीची काही प्रथिनं येऊन बसतात व कवचाला केंद्रकात नेतात. फायझरच्या संशोधकांनी २०१० मध्ये पीएफ-७४ हा रेणू याच पोकळीत बसतो असं दाखवलं. तो कमजोर होता आणि शरीरात टिकत नव्हता, पण जागा सापडली होती. गिलियड कंपनीच्या रसायनज्ञांनी त्याच जागेवर वर्षानुवर्षं काम करून लेनाकापाव्हिर आणलं. त्याची ताकद पिकोमोलरमध्ये मोजतात, म्हणजे मायक्रोमोलरच्या लाखो पटींनी कमी औषध पुरतं.

हा रेणू जाळी ताठ करतो. कवच नवं बनत असताना तो असेल तर प्रथिनं भरभर जुळतात, पण हवी तिथे वळत नाहीत, पंचकोन जागेवर बसत नाहीत आणि शंकू बंद होत नाही. तयार शंकू नव्या पेशीत शिरल्यावर गाठला, तर तो केंद्रकात नेणाऱ्या प्रथिनांची जागा अडवतो आणि ताठ झालेलं कवच तडकतं. म्हणजे एकच रेणू जीवनचक्राच्या दोन्ही टोकांना मारतो. प्रामाणिकपणे सांगायचं तर त्याची जास्त ताकद सुरुवातीच्या टोकाला आहे, बांधणीवरचा परिणाम जास्त प्रमाणात औषध असताना दिसतो. पण दोन्हींचं मूळ एकच: विषाणूला लागणारा कच्चेपणा काढून घेणं.

औषधरसायनाच्या विद्यार्थ्यांनी या रेणूकडे मुद्दाम बघावं. रेणूभार सुमारे ९६८, फ्लोरीनचे १० अणू, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. ५०० च्या आत राहा हा पाठ केलेला नियम इथे दुपटीने मोडला आहे. रुंद पृष्ठभागावर पकड हवी तर रेणू मोठाच लागतो. आणि न विरघळण्याचा दोष इथे गुण ठरला: पोटाच्या कातडीखाली टोचलं की औषधाचा साठा तिथे राहतो आणि सहा महिने झिरपत राहतो. वर्षात दोन इंजेक्शनं. अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ते बहुऔषध-प्रतिकारी एचआयव्हीसाठी मंजूर झालं. त्यानंतर दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या तरुण स्त्रिया व किशोरींमध्ये झालेल्या पर्पज १ चाचणीत लेनाकापाव्हिर घेणाऱ्या २,१३४ जणींपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. रोजची गोळी घेणाऱ्या १,०६८ जणींच्या गटात १६ संसर्ग झाले. जून २०२५ मध्ये प्रतिबंधासाठीही मंजुरी मिळाली.

अमेरिकेतली त्याची जाहीर किंमत वर्षाला २८ हजार डॉलरच्या वर आहे, आणि ही मला या विषयातली सगळ्यात बोचणारी बाब वाटते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सहा उत्पादकांना १२० देशांसाठी स्वस्त आवृत्ती बनवण्याचे परवाने मिळाले. त्यात हैदराबादच्या डॉ. रेड्डीज आणि हेटेरोबरोबर पुण्याची एमक्युअरही आहे. डॉ. रेड्डीज आणि हेटेरो यांच्याकडून २०२७ पासून वर्षाला सुमारे ४० डॉलरला औषध देण्याचे करार २०२५ मध्ये जाहीर झाले. दहा फ्लोरीनवाला एवढा गुंतागुंतीचा रेणू त्या किमतीत बनवणं हे प्रक्रिया-रसायनाचं मोठं काम आहे, आणि ते आपल्या देशात होणार आहे.

प्रतिकाराबद्दल एक सिद्धांत आहे, तो मला फार आवडतो. स्टॅनफर्डच्या कार्ला किर्केगार्ड यांनी मांडला: कवच शेकडो प्रतींचं असल्यामुळे प्रतिकारी विषाणू एकटा सुटू शकत नाही. ज्या पेशीत म्युटेशन नव्याने जन्मतं तिथे जुन्या, औषधाला बळी पडणाऱ्या विषाणूचीही प्रथिनं असतात. कवचात दोन्ही मिसळतात, आणि थोडी बिघडलेली प्रथिनंही पूर्ण कवच वाया घालवतात. एन्झाइमच्या बाबतीत असं नसतं, तिथे एक प्रतिकारी एन्झाइम आपलं काम करून मोकळं होतं. तर्क सुंदर आहे, पण तो कवचकुंडल नाही. लेनाकापाव्हिरच्या ७२ रुग्णांच्या चाचणीत पहिल्या २६ आठवड्यांत ८ जणांमध्ये कॅप्सिडमधलं प्रतिकारी म्युटेशन दिसलं. त्यातलं मुख्य, एम६६आय (६६ व्या जागचं अमिनो आम्ल बदलणारं), पोकळीच बुजवतं. त्याची किंमत म्हणून विषाणूची वाढ बरीच मंदावते, तरी तो जगतो. सोबतची औषधं कमी पडली की हे घडतं.

तयार कवचात विषाणूचा डीएनए भरण्याची पायरीही औषधाला चांगली जागा देते. सायटोमेगॅलो विषाणू आपला २ लाख ३५ हजार बेस-जोड्यांचा डीएनए एकापुढे एक जोडलेल्या लांब दोरीसारखा बनवतो आणि टर्मिनेझ नावाचं यंत्र तो मापात कापून कवचात भरतं. माणसाच्या पेशीत असं यंत्र नाही. लेटरमोव्हिर त्याला अडवतं. अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या रुग्णांमधल्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत २४ आठवड्यांनंतर महत्त्वाचा संसर्ग (चाचणी मध्येच सोडलेले रुग्णही त्यात धरून) ३७.५ टक्क्यांमध्ये नोंदला गेला, औषध नसलेल्या गटात ६०.६ टक्क्यांमध्ये. २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. लक्षात घ्या, हे औषध आजार व्हायच्या आधी देतात. उशिराच्या पायऱ्या अडवणाऱ्या औषधांचा हा स्वभावच आहे: आधीच बाधित पेशी विषाणूची प्रथिनं बनवतच राहते, पेशीचं नुकसान आणि सूज चालूच राहते. बाधित पेशी थोड्या असताना औषध पोचलं तरच त्याचा पूर्ण फायदा.

देवीच्या कुळातल्या विषाणूंवरचं टेकोविरिमॅट हे याचं कडू उदाहरण. ते विषाणूला बाहेरचं जादा आवरण चढू देत नाही, त्यामुळे तो पेशीपेशीत पसरत नाही. माकडं आणि सशांमध्ये परिणाम स्पष्ट होता, त्यावर २०१८ मध्ये देवीसाठी मंजुरी मिळाली. पण काँगोमध्ये एमपॉक्सच्या रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला आणि व्रण लवकर बरे झाले नाहीत. पुरळ उठून दवाखान्यात येईपर्यंत पसरायचं ते पसरलेलं असतं. याच कुळातली एक जुनी नोंद आपल्याकडे कमी लोकांना माहीत आहे: क्षयरोगाचं रिफाम्पिसिन १९६९ मध्येच व्हॅक्सिनिया विषाणूची बांधणी थांबवताना दिसलं होतं. ते पडद्याला आकार देणाऱ्या प्रथिनाला धरतं, आणि औषध धुऊन काढलं की काही मिनिटांत बांधणी पुन्हा सुरू होते. त्यासाठी लागणारं प्रमाण रुग्णात गाठता येत नाही, म्हणून ते औषध झालं नाही.

कोरोना विषाणूंबद्दल २०२५ मध्ये दोन गटांचं काम प्रसिद्ध झालं, सीआयएम-८३४ आणि जेएनजे-९६७६. दोन्ही रेणू एम प्रथिनाला पकडतात. हे प्रथिन लांब आणि आखूड अशा दोन रूपांत हलतं आणि त्या हालचालीवर कण आकार घेतो. रेणू ती हालचाल गोठवतात. प्राण्यांमध्ये परिणाम चांगला आहे. पुन्हा पाहा, तोडणं नाही, गोठवणं.

आता तुमचा प्रकल्प.

नुसतं डॉकिंग, म्हणजे रेणू प्रथिनावर संगणकात बसवून पाहणं, करू नका. कोविडच्या काळात वनस्पतींमधले रेणू विषाणूच्या प्रथिनांवर संगणकात बसवून दाखवणारे ढीगभर लेख आले. सपाट पृष्ठभागावर संगणकाचा गुणांक जवळजवळ काहीच सांगत नाही. त्याऐवजी हिपॅटायटिस बीच्या कोअर प्रथिनाचा पहिल्या १४९ अमिनो आम्लांचा भाग घ्या. तो ई. कोलाय जिवाणूत भरपूर बनतो, जिवंत विषाणू लागत नाही, म्हणून वरच्या पातळीची जैवसुरक्षा लागत नाही. युरियाने कवचं सुटी करायची, जोड्या शुद्ध करायच्या, मीठ घातलं की पुन्हा कवच बनतं. फ्लुओरिमीटरमध्ये ९० अंशांत विखुरलेला प्रकाश मोजला की जोडणीची रेषा समोर उमटते. तयार कवच सुमारे ३५ नॅनोमीटरचं, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सहज ओळखू येतं.

इथे बहुतेक जण एक गोष्ट हातची घालवतात. ज्या रेणूने प्रकाशाची रेषा खाली येते तोच ते उचलतात आणि रेषा वर नेणारे टाकून देतात. वर नेणारेच आधी बघा, बे ४१-४१०९ तिथेच सापडला असता. मात्र रेषा वर जायची फसवी कारणंही आहेत. रेणू स्वतःच गोळा होऊन ढग बनवतो, तेव्हाही प्रकाश विखुरतो. म्हणून तोच प्रयोग ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० (असे गोळे मोडणारा साबणासारखा पदार्थ) घालून करा, प्रथिनाशिवाय नुसता रेणू मोजा, डीएमएसओ (रेणू ज्यात विरघळवतात तो द्रावक) सगळीकडे सारखा ठेवा, आणि उरलेल्यांचं सूक्ष्मदर्शकाखाली चित्र घ्या. पत्रे किंवा नळ्या दिसल्या तर हाती काहीतरी लागलंय.

पुढे पेशींवर जायची सोय असेल तर औषध कुठल्या पेशींना देताय याचा विचार करा. नेहमीच्या एका फेरीच्या चाचणीत (विषाणू एकदाच पेशीत शिरतो, नवे कण बनत नाहीत) औषध नव्याने बाधित होणाऱ्या पेशींना देतात, त्यात बांधणीवरचा परिणाम दिसणारच नाही. विषाणू तयार करणाऱ्या पेशींना औषध द्या, बाहेर पडलेले कण गोळा करा आणि दोन आकडे वेगवेगळे मोजा: किती कण आले आणि त्यातले किती संसर्ग करतात. कण तितकेच पण संसर्ग कमी, म्हणजे बांधणी वाकडी झाली. कणच कमी, म्हणजे अडथळा त्याआधी आहे, किंवा पेशी मरताहेत. पेशींची विषबाधा त्याच दिवशी, त्याच प्लेटवर तपासा. सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे औषधात विषाणू वाढवत नेऊन मिळालेलं प्रतिकारी म्युटेशन. ते तुमच्या पोकळीत पडलं तर परीक्षकांना फार समजवावं लागत नाही.

विषय आपल्या जवळचा हवा असेल तर चिकुनगुनिया बघा. त्याच्या कॅप्सिड प्रथिनात एक तेलकट खाच आहे, बाहेरच्या आवरणातल्या ई२ प्रथिनाची शेपटी तिथे येऊन बसते आणि कण पेशीबाहेर पडतो. आयआयटी रुरकीच्या गटाने या खाचेत पिकोलिनिक ॲसिड बसतं आणि पेशींमध्ये विषाणू कमी होतो हे दाखवलं आहे. रेणू फार लहान आणि कमजोर आहे, औषध म्हणून तो चालणार नाही. पण खाच खरी आहे, प्रथिन बनवायला सोपं आहे, आणि या रेणूला पुढे वाढवून त्याला पकड देण्याचं काम औषधरसायनाच्या एखाद्या विभागाबरोबर मिळून दोन वर्षांत सुरू करता येण्यासारखं आहे. तुमच्या विद्यापीठात असा विभाग असेल तर प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी त्यांना भेटा.